मागचे ड्रम काढून डिस्क बसवताना: इंदूरच्या नवख्या गाडीवाल्यांसाठी

जाम गेटच्या घाटातून महेश्वरला उतरताना किंवा ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरूघाटात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, जळका वास आला, की गाडीवाल्याच्या डोक्यात मागच्या डिस्क ब्रेकचा विचार येतोच. शेजारच्याच्या महागड्या गाडीला चारही चाकांना डिस्क, आपल्याला मागे ड्रम, म्हणजे कंपनीने आपल्याला फसवलं असं वाटू लागतं. मिस्त्रीही म्हणतो, "हो जाएगा साब, दो दिन का काम है." होतं खरं, पण नीट झालं की नाही हे कळण्याइतकी माहिती गाडीच्या मालकाला हवी. हा लेख त्यासाठी आहे. ड्रम ब्रेकमध्ये लाइनर लावलेले शू फिरत्या ड्रमला आतून घासतात; डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा चिमटा फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतो.

आधी तक्रार तपासा

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे ब्रेकिंगचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात. घाटातला तो वास बहुतेक वेळा पुढच्या पॅडचाच असतो. मागे डिस्क लावून तो जाणार नाही. तो जाईल दुसऱ्या गिअरमध्ये उतरल्याने आणि पाय सतत पेडलवर न ठेवल्याने.

पेडल मऊ होण्याचं कारण बरेचदा जुनं ब्रेक ऑइल असतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांना उकळतं आणि डॉट ४ किमान २३० अंशांना, पण पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येतात. गरम घाटात ऑइल नळीतच उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर आधी ते बदला. मग मागचे ड्रम उघडून बघा: व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारं नळकांडं) गळून लाइनर तेलकट झालेत का, आपोआप घट्ट होणारा अ‍ॅडजस्टर गंजून अडकलाय का, ड्रमला आतून कडा पडलीय का. या कामांचा खर्च डिस्कच्या खर्चापुढे किरकोळ असतो. ती करून घ्या, मग गाडी घाटात नेऊन बघा. माझा अंदाज असा, की यानंतर निम्म्या लोकांना डिस्कची आठवणही राहणार नाही.

ड्रम म्हणजे मागासलेलं तंत्र, ही समजूतही सोडून द्या. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रमच दिले. ड्रममध्ये धूळ-पाणी कमी शिरतं आणि हँडब्रेक स्वस्तात व भक्कम होतो. डिस्कचे फायदेही खरेच आहेत. ती लवकर निवते, पाण्यातून बाहेर आल्यावर एक-दोन फेऱ्यांत कोरडी होते आणि पॅड किती उरलेत ते चाक न काढताही डोकावून दिसतं. पावसाळ्यात चोरल-पाताळपाणीकडे सारखं जाणाऱ्याला हा फरक जाणवेल.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून सुटे भाग घेण्याआधी नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा आणि विमा कंपनीलाही पत्राने कळवा. तोंडी "चालतंय" वर विसंबू नका. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी ब्रेककडे बघतो.

कोणत्या गाडीवर हे करावं

माझं मत सरळ आहे. ज्या गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीनेच मागे डिस्क दिली आहे, त्याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटवर हे काम करावं. तिथे ॲक्सलची छिद्रं, केबलची लांबी, चाकाचा खोलगटपणा हे सगळं कंपनीने आधीच जुळवलेलं असतं. बाकी गाड्यांवर हा प्रयोग नवख्याने करू नये.

नाव सारखं म्हणजे भाग सारखे, असंही नाही. आपल्याकडच्या स्विफ्टला मागे ड्रम असतात आणि परदेशातल्या स्विफ्ट स्पोर्टला डिस्क. एवढ्यावरून स्पोर्टचा सेट आपल्या स्विफ्टवर बसेल असं समजून मागवलात तर पैसे पाण्यात जाण्याची शक्यता मोठी. दोन्ही गाड्यांच्या पार्ट कॅटलॉगमधले क्रमांक शेजारी-शेजारी लिहून काढा: मागचा ॲक्सल, स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), हब (चाक ज्याला लागतं तो भाग), बेअरिंग, हँडब्रेक केबल, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा), ब्रेकची लवचीक नळी. जिथे क्रमांक वेगळा, तो भाग बदलावा लागणार. यादी सातच्या सात निघाली तरी घाबरू नका, पण त्यातला एकही गाळू नका.

एक सापळा मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत आहे. त्यांच्या मागच्या ड्रममध्येच चाकाचं बेअरिंग बसवलेलं असतं, म्हणजे ड्रम हाच हब. ड्रम काढला की चाक लावायला हबच उरत नाही. अशा गाडीत डिस्कसाठी वेगळा हब आणि बहुतेक वेळा वेगळा स्टब ॲक्सलही लागतो.

आणि पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या लेथवाल्याकडून लोखंडी पट्टीचा कॅलिपर ब्रॅकेट कापून घेण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. लेथवाला त्याच्या कामात पक्का असतो, शंका त्याच्यावर नाही. पण जोरात ब्रेक लागला की चाकाचा सगळा पीळ त्या ब्रॅकेटवर आणि त्याच्या दोन बोल्टवर येतो. धातू कोणता, जाडी किती, कोपऱ्याला गोलाई किती, हे चाचणीशिवाय ठरत नाही.

खरा प्रश्न तोलाचा

मागच्या चाकांनी पुढच्यांच्या आधी लॉक होऊ नये, हा ब्रेकचा पहिला नियम. पुढची आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर शेपूट फिरते आणि गाडी गरकन वळते. मागे जास्त ताकदीचा ब्रेक लावून गाडी लवकर थांबेल असं वाटतं, पण घडतं उलटंच.

आकड्यांनी बघू. हे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घ्या. व्हील सिलिंडर १९ मिमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २८५ चौरस मिमी. ड्रमची त्रिज्या १०० मिमी. ड्रममधला एक शू फिरण्याच्या दिशेने आपोआप आवळला जातो, तो गुण धरून ड्रमचा गुणक सुमारे २.२. या तिन्हींचा गुणाकार, म्हणजे पकडीचं तुलनेपुरतं माप, येतो ६२,७०० च्या आसपास. आता डिस्क. तिला स्वतःहून आवळण्याचा गुण नाही, म्हणून गुणक ०.७६ च्या जवळ. परिणामकारक त्रिज्या १०५ मिमी धरू. कॅलिपरचा पिस्टन ३४ मिमीचा असेल तर क्षेत्रफळ ९०८ आणि गुणाकार सुमारे ७२,५००, म्हणजे तेवढ्याच दाबाला ड्रमपेक्षा सोळा टक्के जास्त पकड. पिस्टन ३८ मिमीचा घेतला तर ९०,५००, चव्वेचाळीस टक्के जास्त! आणि ३० मिमीचा घेतला तर ५६,४००, ड्रमपेक्षा दहा टक्के कमी.

पिस्टनमध्ये चार मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून "कोणत्याही गाडीचा कॅलिपर बसला की झालं" हे खरं नाही. मिस्त्रीला विचारायचा पहिला प्रश्न पिस्टनच्या व्यासाचा. त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरा मिस्त्री शोधा.

हा तोल जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह सांभाळतो. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमसाठी ठरवलेला हा व्हॉल्व्ह डिस्कला चालेलच असं नाही, तोही डिस्कच्या व्हेरिएंटचाच हवा. एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. तिथे तोल संगणक राखतो, पण ड्रम गृहीत धरून. शिवाय चाकाचा वेग मोजणाऱ्या कड्याचे दात नव्या हबवर तितकेच असावे लागतात, नाहीतर मीटरवर एबीएसचा दिवा पेटून राहतो. दिवा बंद करण्यासाठी कोणी फ्यूज काढून द्यायला निघाला, तर किल्ली परत घ्या आणि घरी या.

सामान

डाव्या-उजव्या बाजूचे कॅलिपर, त्यांचे मूळ ब्रॅकेट आणि बोल्ट, दोन डिस्क, पॅडचा नवा सेट, धूळरोधक पत्रे, हब आणि बेअरिंग, लवचीक नळ्या, तांब्याचे नवे वॉशर, हँडब्रेकच्या दोन्ही केबल, दोन लिटर ब्रेक ऑइल. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. बाटलीवर नेमका आकडा वाचून घ्या.

कबाडातल्या गाडीचा सेट घेत असाल तर डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने मोजा. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने हलायला हव्यात, पिस्टनवरचं रबर फाटलेलं नसावं. जुना कॅलिपर चालेल, पण त्यात नवं रबर किट टाका. जुने पॅड आणि जुनी नळी मात्र फुकट मिळाली तरी नको.

अवजारांत टॉर्क पाना, ब्रेकच्या नळीच्या नटासाठीचा फ्लेअर पाना (साधा पाना नटाचे कोपरे खातो) आणि दोन भक्कम घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) हव्यात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणं वेडेपणा आहे.

काम

पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी मिस्त्रीसोबत करा. तुम्ही शेजारी उभे राहून बघायचं, मोजायचं आणि बोल्टवर खूण करायची.

सपाट फरशीवर गाडी उभी करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा. मागून उचलून घोड्यांवर ठेवा आणि हलवून बघा. ड्रम निघाला की आतली काळी धूळ फुंकू नका, एअर गनही मारू नका. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. शू, स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढा, कारण बेत फसला तर हेच परत बसवायचं आहे. ब्रेकची नळी सोडली की तिचं तोंड रबरी बुचाने लगेच बंद करा. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, पाणी ओतून धुवा.

शू ज्यावर बसतात ती मागची ताटली निघाली की स्टब ॲक्सलची बसायची जागा वायर ब्रशने चकचकीत करा. इथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. हब आणि डिस्क बसल्यावर चाकाचे नट लावून डिस्क घट्ट करा आणि डायल गेजने तिची डुगडुग मोजा. बहुतेक गाड्यांत ०.१ मिमीच्या आत हवी. जास्त आली तर डिस्क एक-एक भोक फिरवून बसवून बघा, बरेचदा एवढ्यावरच भागतं.

कॅलिपर लावताना एक साधी गोष्ट बघा: हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आहे ना? खाली असेल तर डावा-उजवा कॅलिपर उलटा लागलाय. गाडी चालेल, पण आतली हवा कधीच पूर्ण निघणार नाही आणि पेडल स्पंजासारखं राहील. ब्रॅकेटच्या बोल्टचा टॉर्क त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने आवळू नका. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

लवचीक नळी बसवल्यावर ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळवून बघा, मग जॅकने वर उचलून बघा. दोन्ही वेळी नळी ताणली जाऊ नये, पिळली जाऊ नये, टायरला किंवा शॉकअपला घासू नये.

हँडब्रेक इथेच फसतो. ड्रममध्ये शू दोन्ही कामं करत होते. मागच्या डिस्कमध्ये दोन प्रकार येतात: एकात कॅलिपरच्या आतच स्क्रूसारखी यंत्रणा असते आणि बाहेर केबलची दांडी, दुसऱ्यात डिस्कच्या पोकळ टोपीत छोटे शू असतात. पहिल्या प्रकारचा पिस्टन सी-क्लॅम्पने आत ढकलायचा नसतो, फिरवत फिरवत आत न्यायचा असतो. जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते आणि कॅलिपर कबाडात जातो. ड्रमची केबल नव्या कॅलिपरला जोडण्यासाठी कोणी तारेचा वेढा घालतो, कोणी वेल्ड करतो. दोन्ही नामंजूर. आधी पायाचा ब्रेक दहा-वीस वेळा दाबून पॅड डिस्कला टेकवून घ्या, नंतरच केबल जुळवा. हे उलट केलंत तर हँडब्रेक ओढलेलाच राहील आणि डिस्क तापेल.

पेडल आणि हवा

पिस्टनचं क्षेत्रफळ मोठं झाल्यामुळे तो थोडा सरकायलाही जास्त ऑइल लागतं. हवा पूर्ण काढूनही पेडल आधीपेक्षा बरंच खाली जात असेल, तर डिस्कच्या व्हेरिएंटचा मास्टर सिलिंडर लागणार. म्हणूनच वर त्याचा क्रमांक लिहून ठेवायला सांगितलं. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या ओळीत थोडा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटत नाहीत.

हवा काढायचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दोन ओळी तिरक्या असतात, डावं मागचं चाक उजव्या पुढच्यासोबत. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत साधारण डाव्या मागच्यापासून सुरुवात होते. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडून बंद करतो, मगच पेडल सोडायचं. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो.

मग इंजिन चालू करून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. पेडल हळूहळू बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडावर कोरडं कापड फिरवून बघा.

रस्त्यावर येण्याआधी

पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे आणि ब्रेकच्या चाचणीसाठी वेगळा ट्रॅकही. कंपन्या ब्रेकचा तोल अशा ठिकाणी तपासतात. आपल्यासाठी एखादं रिकामं, सपाट, मोकळं मैदान. पहाटे जा, माणसं-गुरं नाहीत बघा, गाडीत एकटेच बसा.

आधी २० च्या वेगाने, हळू. गाडी एका बाजूला ओढते का? मग ४० वर जोरात. ज्या गाडीत एबीएस नाही तिथे बाहेर उभ्या असलेल्याला मोबाइलवर चाकं टिपायला सांगा. मागची आधी थांबली असतील तर काम पूर्ण झालेलं नाही आणि ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मग हीच चाचणी ओल्या जमिनीवर. कोरड्यावर ठीक वाटणारी गाडी पाण्यात शेपूट हलवू शकते. शेवटी चढावर हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा आणि पाय पेडलच्या जवळच ठेवा. मग उतारावर, गाडीचं तोंड खाली करून. दोन्हीकडे गाडी धरली पाहिजे.

पॅड बसवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये गाडी निवू द्या, पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, ब्रॅकेटचे बोल्ट आणि नळ्यांचे जोड परत बघा. थोडं चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, पण डिस्कला लावू नका. मागचं एखादं चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम लागलं तर तिथला कॅलिपर किंवा केबल सुटत नाहीये. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना खरखर ऐकू येते. तिची काळजी नको. हजार किलोमीटरला पॅड समान झिजलेत का ते पाहून हँडब्रेकची केबल एकदा परत जुळवा.

डिकीतल्या स्टेपनीचा रिम तेवढा विसरू नका. १३ किंवा १४ इंचाचा असेल तर तो नव्या कॅलिपरला अडकू शकतो. घरीच लावून, हाताने फिरवून बघा. अडकला तर तेव्हाच बदला, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात पंक्चर झाल्यावर नव्हे.